असल बरहुकूम नक्कल

दफ्तरातील कागदाची नक्कल मागण्यासाठी जो माणूस कचेरीच्या खिडकीशी येऊन उभा राहतो, त्याला त्या कागदातील मजकूर ठाऊक नसतो असे नाही. आजोबांच्या नावावरचे शेत, त्याच्या चतुःसीमा, फेरफाराचा क्रमांक हे सारे पुष्कळदा त्याला मुखोद्गत असते, आणि तरीही अर्ज लिहून, फी भरून, मुदतीची वाट पाहून तो नक्कल घेऊन जातो, कारण अस्सल कागद दफ्तराबाहेर जाऊ शकत नाही आणि त्याच्या जागी उभे राहण्याचा अधिकार प्रमाणित नकलेखेरीज दुसऱ्या कशालाही नसतो. यवतमाळात अशा नकला तयार करण्यात माझ्या नोकरीची पंचवीस वर्षे गेली. या कामाचा पहिला दंडक असा की मुळातील चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवावयाची. नावातील ऱ्हस्वदीर्घ चुकले असो की क्षेत्रफळाची बेरीज, ती सुधारण्याची मुखत्यारी नक्कलनविसाला नाही. नक्कल एकाने करावयाची आणि तिची रुजवात दुसऱ्याने घ्यावयाची, कारण स्वतःच्या हातची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नसते. आणि नकलेने आपण नक्कल असल्याचे आपल्या अंगावर लिहून ठेवावयाचे, ज्याकरिता जुन्या मराठी दफ्तरांत एक सुबक वाक्य योजीत असत: असल बरहुकूम नक्कल रुजू असे.

गेल्या वर्षी मी जी नक्कल केली ती मात्र कागदाची नव्हती. दूरदर्शनच्या पडद्यावर पापडाच्या जाहिरातीत खळखळून हसणाऱ्या एका सशाची ती होती, आणि ती करताना आपल्या नित्याच्या कामाचे हे दंडक मला इतक्या वर्षांनंतर प्रथमच खऱ्या अर्थाने उमगले.

१९८० नंतरच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा ससा वेगळा सांगावा लागणार नाही. दोन लांब कान, पुढे आलेले दात आणि पापडाचा तुकडा मोडल्याचा आवाज ज्याच्या हसण्यात मिसळून जातो असा तो बाहुला लिज्जत पापडाच्या जाहिरातीत येई आणि काही क्षणांत निघून जाई. मात्र ज्या घरांत संच नव्हता त्या घरांतील मुलेही दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याचे हसणे हसून दाखवीत. आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी संच होता. छपरावरच्या ॲंटेनाची दिशा वाऱ्याने चुकली की एक मुलगा कौलांवर चढे, दुसरा खिडकीशी उभा राहून 'आलं', 'गेलं' अशी वर्दी देई, आणि या खटाटोपात मूळ कार्यक्रमाचा अर्धा भाग निघून गेला तरी मधल्या जाहिराती हाती लागत. माझी धाकटी बहीण तर त्या सशासाठीच तिथे येऊन बसे.

या सशाच्या मागे दोन संस्थांचा इतिहास आहे, आणि योग असा की दोहोंचा आरंभ एकाच वर्षी झाला. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसल्या, आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली; त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला, आणि १९८२ नंतर जागोजागी लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली तेव्हा गिरगावच्या गच्चीवरचा पापड आणि दिल्लीचा पडदा यांची गाठ आमच्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यातील मुलांच्या डोळ्यांसमोर पडली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. याच वर्षीच्या यादीत सिंधुदुर्गातील पिंगुळीचे बाहुलीकार परशुराम गंगावणे यांचेही नाव होते.

सशाच्या आत ज्यांचा हात होता आणि सशाच्या मुखी ज्यांचा आवाज होता ते शब्दभ्रमकार रामदास पाध्ये. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी महाराष्ट्रात ही कला रुजविली आणि अर्धवटराव नावाचा बोलका बाहुला निर्माण केला. रामदासांनी तो वारसा १९६७ पासून रंगमंचावर चालविला, अर्धवटरावाच्या जोडीला असलेली आवडाबाई घरोघर पोचविली, आणि १९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' या चित्रपटासाठी तात्या विंचू घडवून एका पिढीची झोप उडविली. आज त्यांचे चिरंजीव सत्यजित हे काम पुढे नेत आहेत. बाहुला दुसऱ्याकडून विकत आणून नुसता नाचवावयाचा नाही, स्वतः घडवावयाचा, ही या घराण्याची रीत आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने मला तीच अधिक मोलाची वाटते.

शब्दभ्रम म्हणजे पोटातून बोलणे अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. आवाज कंठातूनच येतो, जीभ आपले काम करीतच असते, फक्त ओठ स्थिर ठेवावयाचे असतात. आणि ज्याने लहानपणी वर्णमाला नीट घोकली आहे त्याला या कलेची अडचण नेमकी कोठे आहे हे सांगावे लागत नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य या चारही वर्गांना ओठांची गरज नाही. अडते ते पवर्गाशी. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याखेरीज उमटत नाहीत, म्हणून शब्दभ्रमकार त्यांच्या जागी दंत्य वर्णांना धाडतो, 'प'च्या ठिकाणी 'त'ला आणि 'म'च्या ठिकाणी 'न'ला, पण असा की ऐकणाऱ्याचा कान संदर्भाने तो बदल आपणच दुरुस्त करून घेतो. अर्धवटराव या नावात पवर्गातील एकही वर्ण नाही ही गोष्ट ध्यानात आली त्या दिवशी मला, एखादा जुना दस्तऐवज वाचताना लेखनिकाची कसबी मोड ओळखू यावी, तसा आनंद झाला. याउलट 'पापड' हा शब्द पाहावा! दोन वेळा 'प', म्हणजे शब्दभ्रमकाराची दुहेरी परीक्षा. परंतु जाहिरातीतील ससा रंगमंचावरच्या बोलक्या बाहुल्याप्रमाणे चालकाच्या मांडीवर बसलेला नसतो. त्याचा चालक पडद्याच्या चौकटीखाली, प्रेक्षकांच्या दृष्टीआड असतो, आणि त्यामुळे त्याच्या ओठांवर कोणतेही बंधन राहत नाही. तिथे सारी परीक्षा हाताची असते. ती किती कठीण आहे हे मला पुढे कळावयाचे होते.

नकलेचा प्रसंग असा उद्भवला. दिवाळीला बहीण माहेरी आली असता तिच्या आठ वर्षांच्या मुलीला आम्ही भ्रमणध्वनीवर ती जुनी जाहिरात दाखविली, पोरीने ती लागोपाठ कितीतरी वेळा पाहिली आणि मग विचारले, "मामा, हा ससा कुठं भेटते?" तो कोठेही मिळत नाही, असे सांगताना माझ्याच मनाला काहीतरी लागले. ज्या गोष्टीची नक्कल मिळत नाही ती गोष्ट दफ्तरातून गहाळ झाल्यासारखीच असते, ही आमच्या पेशाची भावना आहे.

बाहुल्यांचे वेड आपल्याकडे नवे नाही. ज्ञानेश्वरीत बाहुलीसाठी साइखडे हा शब्द येतो. कळसूत्री या शब्दात तर कळ आणि सूत्र, म्हणजे युक्ती आणि दोरा, ही दोन्ही साधने उघडपणे सांगितलेली आहेत. कोकणात पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. आमच्या वऱ्हाडात तशी खेळ्यांची परंपरा मी पाहिली नाही. पण भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मांडली जाणारी मातीची भुलाबाई, तिच्या शेजारचा भुलोजी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले दोरी धरून ओढतात ते चाकांवरचे लाकडी नंदीबैल, ही आमच्याकडची बाहुल्यांची दुनिया आहे. नंदी सजवून घरोघर फिरावे आणि बोजारा गोळा करावा, यात आमच्या लहानपणचा भाद्रपद उजाडत असे. म्हणूनच सशाचा विचार मनात येताच माझी पावले पहिल्याने नंदीबैल घडविणाऱ्या सुतारमिस्त्रींकडे वळली, आणि माझी पहिली चूकही तिथेच झाली.

मिस्त्रींचा दोष नाही. त्यांनी विचारले, लाकूड कोणते? सागाचा जिल्हा आमचा. पण साग जड, म्हणून सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा मी सुचविला. सागाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे, मऊ, पटाशीखाली लोण्यासारखे सुटणारे ते लाकूड. डोके कोरून झाले, आतून पोखरून झाले, खालचा जबडा निराळा काढून दोन बाजूंना खिळ्याच्या आसावर बसविला, मागे दोरी आणि कमान लावली. दोरी ओढली की जबडा खाली येई आणि सोडली की टप्पकन मिटे. रंगमंचावरच्या बोलक्या बाहुल्याचे तोंड स्थूलमानाने असेच चालते. नंतर पावसाळा लागला. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते, आणि ते लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच फुगत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने मात्र फुगते, हे मिस्त्रींना ठाऊक होते. पण जबडा दोन गालांमध्ये अगदी घट्ट बसावा, फट दिसू नये, असा आग्रह माझा होता. श्रावणातल्या एका सकाळी मी दोरी ओढली तेव्हा ससा मुका झाला होता. पुढे आश्विनाच्या उन्हात तोंड पुन्हा सुटले, पण तोवर दुसरी अडचण कळून चुकली होती: ते डोके हात वर करून धरले की थोड्याच वेळात खांदा भरून येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो ससा हसत नव्हता. लाकडी चेहऱ्याला उघडणे आणि मिटणे या दोनच अवस्था असतात; हसण्याला गालाची वळी लागते.

ही गोष्ट ज्यांनी जगात सर्वांच्या आधी नीट ओळखली त्यांत अमेरिकेचे जिम हेन्सन यांचे नाव अग्रभागी आहे. १९५५ साली, अवघ्या अठराएकोणीस वर्षांच्या वयात, त्यांनी आईच्या टाकून दिलेल्या कोटाचे कापड घेऊन एक बाहुला शिवला आणि टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचे दोन अर्धगोल डोळे म्हणून बसविले; तोच पुढे बेडूक झाला आणि कर्मिट या नावाने जगप्रसिद्ध पावला, आणि कोटाचा तो मूळ बाहुला आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हेन्सन यांनी दोन गोष्टी बदलल्या. रंगमंचावरच्या बाहुलीखेळाची छोटी पेटी त्यांनी काढून टाकली आणि दूरचित्रवाणीची चौकट हीच रंगमंच मानली. आणि चेहरा मऊ ठेवला, इतका मऊ की आतल्या मुठीची प्रत्येक घडी बाहेर मुद्रा होऊन दिसावी. जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढे कोरीव लाकडापेक्षा चुरगळणारे कापड अधिक सजीव ठरले.

तेव्हा मी मिस्त्रींचे आभार मानले, लाकडी डोके भाचीच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवून दिले, आणि गादी भरणाऱ्याच्या दुकानातून अर्धा इंच जाडीचा फोमचा तक्ता आणला. येथून पुढचे काम शिंप्याचे. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर डोक्याचे नमुने काढावयाचे. गोल वस्तूचा पृष्ठभाग सपाट तक्त्यातून निघत नाही, म्हणून संत्र्याच्या सालीप्रमाणे तिचे कळे पाडावयाचे आणि ते कडेला कडा लावून चिकटवावयाचे. कडा सरळ उभी कापली तर सांध्यावर कंगोरा येतो, किंचित तिरपी कापली तर गाल गोल येतो. मापाचा प्रश्न सर्वांत बिकट होता, कारण अस्सल माझ्यासमोर नव्हता, त्याची हलती छबी तेवढी होती, आणि छबीवर पट्टी लावता येत नाही. अखेर जाहिरातीत सशाच्या सोबत दिसणाऱ्या पापडानेच तो सोडविला: घरातील डब्यातून एक पापड काढून भाजला, कारण भाजल्यावर तो थोडा आकसतो, त्याचा व्यास मोजला, आणि पडद्यावर थांबविलेल्या चित्रात पापडाशी तोंडाचे, तोंडाशी कानांचे प्रमाण काढून सर्व आकडे एका कागदावर तपशीलवार मांडले. या हिशेबाने निघालेली डोक्याची लांबी माझ्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतराशी जवळजवळ जुळली. तसे होणारच होते. हातात घालावयाच्या बाहुल्याचे मूळ माप हात हेच असते.

केसाळ कापड कापताना कात्री चालवू नये. उलट बाजूने पात्याने फक्त पाठीचे विणकाम चिरावे, म्हणजे लव तुटत नाही आणि जोड शिवून झाल्यावर सुईने ती वर काढली की टाका दिसेनासा होतो. लव नेहमी नाकाकडून मागे जाणारी ठेवावी. मी पहिल्यांदा एक गाल उलटा शिवला आणि ससा एका बाजूने भिजल्यासारखा दिसू लागला. कानांत तार आहे, पोट आमच्याच जिल्ह्याच्या कापसाने भरले आहे, आणि पुढचे दोन्ही पाय हलविण्यासाठी मोडक्या छत्रीच्या काड्या लावल्या आहेत. या काड्यांइतकी हलकी, न वाकणारी आणि विनामूल्य वस्तू मला तरी दुसरी सापडली नाही.

आता डोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सारा जीव तेथेच होता. टेबल टेनिसचा चेंडू कापून, दोन्ही अर्धगोलांवर मध्यभागी काळे वर्तुळ रंगवून मी ते बसविले आणि ससा आंधळा झाला. डोळे सुंदर होते, स्वच्छ होते, पण ते कोणाकडेही पाहत नव्हते. दुर्गोत्सवासाठी यवतमाळची ख्याती आहे, आणि त्या दिवसांत देवीच्या मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांच्या मांडवांतून गावभर ओल्या मातीचा वास येत असतो; अशाच एका मांडवात मी ते डोके घेऊन गेलो. मूर्तिकार वृद्ध होते. मूर्तीचे बाकी सर्व रंगकाम संपल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी करावयाची, त्या वेळी मांडवात कोणी बोलावयाचे नाही, असा त्यांच्याकडे शिरस्ता आहे. त्यांनी माझी काळी वर्तुळे पुसून टाकावयास लावली, काळ्या कागदाच्या दोन टिकल्या कापल्या, त्या लाळेने ओल्या करून पांढऱ्या गोलांवर ठेवल्या, आणि मला सहा पावले दूर उभे केले. मग एकेक टिकली तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने नाकाकडे सरकवीत ते विचारीत राहिले, "आता?" मी नाही म्हणत राहिलो. एका क्षणी, टिकली किती सरकली तेही मला कळले नसताना, ससा माझ्याकडे पाहू लागला. अंगावर शहारा आला असे लिहिले तर वाचकांनी ते अलंकारिक समजू नये.

याची उपपत्ती मला नंतर समजली. माणूस जेव्हा जवळच्या कशाकडे पाहतो तेव्हा त्याच्या दोन्ही बुबुळांची दिशा किंचित आत वळते. बुबुळे अगदी समोर असतील तर दृष्टी क्षितिजावर गेल्यासारखी, शून्यात लागल्यासारखी भासते. हेन्सन यांचे सहकारी डॉन साहलिन यांनी दोन डोळे आणि नाक यांच्या त्रिकोणावर असाच कटाक्ष ठेवला होता आणि डोळे बसविण्याचे काम ते अखेरीस करीत. आमच्या मांडवातील वृद्धाने साहलिनचे नाव ऐकले नव्हते. देवीची दृष्टी भक्तावर पडावी म्हणून जे पिढ्यांपासून करीत आले तेच त्यांनी सशासाठी केले, आणि मजुरी घेण्यास नकार दिला.

तोंड त्यामानाने लवकर जमले. जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून चामड्याचा तुकडा आणून त्याची बिजागरी केली, तिच्या वर आणि खाली जाड पुठ्ठ्याच्या दोन पाकळ्या चिकटविल्या. वरच्या पाकळीत चार बोटे जातात, खालच्या पाकळीत अंगठा. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बाहुला पुरा झाला. मी तो हातात चढविला, दाराआडून भाचीला हाक मारली आणि सशाच्या तोंडून तिचे नाव घेतले. पोर क्षणभर थबकली, जवळ आली, मान वाकडी करून पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, हा बोलून नाही राहिला. नुसता तोंड वासून राहिला."

रुजवात चुकली होती. अस्सलाचा आकार, रंग, कान, दात, दृष्टी असे सारे मी उतरवून घेतले होते, पण जे उतरवावयाचे होते ते राहूनच गेले होते, कारण आम्ही लहानपणी त्या संचासमोर बसून कापड पाहिलेच नव्हते. आम्ही एक हालचाल पाहिली होती. नकलेसाठी अस्सल कोणता, हाच प्रश्न मी चुकीचा सोडविला होता. बाहुल्याच्या बाबतीत दफ्तरी दाखल व्हावयाची वस्तू बाहुला नव्हे, त्याचे बोलणे आहे.

मग बाहुला उतरवून ठेवला आणि एक महिनाभर, कचेरीतून आल्यावर, रिकामा हात आरशापुढे धरून बोलण्याचा अभ्यास केला. नवशिक्याची पहिली खोड अशी की तो बोलताना चार बोटे वर उचलतो. त्याने बाहुल्याचे कपाळ मागे पडते, डोळे आढ्याला लागतात आणि मूर्तिकाराने मिळवून दिलेली दृष्टी प्रत्येक शब्दागणिक सुटते. बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली गेला पाहिजे, जसा आपला जबडा जातो. दुसरी खोड त्याहून चिवट: शब्द संपताना तोंड उघडण्याऐवजी मिटण्याकडे जोर जातो, आणि बाहुला शब्द उच्चारण्याऐवजी माशी धरल्यासारखा ते चावीत सुटतो. तोंड स्वरावर उघडावे आणि व्यंजनाच्या स्पर्शावर मिटावे, लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे नव्हे, उच्चारातील आघातांप्रमाणे. 'पापड' लिहिताना अक्षरे तीन आहेत, उच्चारात आघात दोनच: पा, पड. ओठ मिटलेले, मग 'पा'ला उघडे, पुन्हा मिटलेले, पुन्हा उघडे. जो शब्द शब्दभ्रमकाराची कसोटी पाहतो तोच हातबाहुल्याला किती अनुकूल आहे, हे माझ्या अंगठ्याला ज्या संध्याकाळी समजले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. प्रत्येक 'प'पाशी मिटणारे ते तोंड जणू सशासाठीच घडविले होते.

दूरचित्रवाणीच्या बाहुलीकाराला याहून एक अवघड गोष्ट साधावी लागते. हात डोक्यावर, नजर समोरच्या छोट्या पडद्यावर, आणि त्या पडद्यावरचे चित्र आरशातल्यासारखे उलटे नसते, प्रेक्षकाला दिसेल तसे सरळ असते; त्यामुळे बाहुला डावीकडे न्यावा म्हणावे तर हाताला नेमकी विरुद्ध आज्ञा द्यावी लागते, आणि हे आवाज, श्वास, हशा आणि सहकलाकार सांभाळून. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या माणसांना आपण 'मुलांचे कार्यक्रम करणारे' एवढ्यावर बोळवण करून मोकळे होतो, हे योग्य नाही.

संक्रांतीला बहीण पुन्हा आली तेव्हा रुजवात तिच्याकडे सोपविली. तिने डोळे मिटून आधी नुसता आवाज ऐकला, मग डोळे उघडून नुसता बाहुला पाहिला, मग दोन्ही एकत्र. आमच्या कचेरीतही याहून काटेकोर मुकाबला होत नाही. "दादा," ती म्हणाली, "बोलणं जमलं रे. पण तुझा ससा हसून झाल्यावर हसते." पाहतो तो खरेच होते. माझा आवाज पुढे आणि हात पापणी लवण्याएवढा मागे. हसू आवाजात येण्याआधी शरीरात येते. मान आधी हलते, गाल आधी चढतात, ध्वनी शेवटी बाहेर पडतो. तेवढी दुरुस्ती आणखी पंधरा दिवसांनी झाली आणि तिने मान हलवून रुजू म्हटले.

ही बातमी मोहल्ल्यात गेल्यावर एका मंडळाचे कार्यकर्ते ससा त्यांच्या कार्यक्रमात घेऊन येण्याची विनंती करावयास आले, मानधनही देऊ केले. मी नम्रपणे नाही म्हटले. घरात मुलीला रिझविण्यासाठी केलेली नक्कल निराळी आणि लोकांसमोर उभे राहून दुसऱ्याच्या निर्मितीवर टाळ्या घेणे निराळे. कलाकृतीवर तिच्या कर्त्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने मान्य केला आहे, पण तो कायदा नसता तरी माझे उत्तर हेच असते. दाखला ज्याच्या नावाचा, हक्क त्याचा. बोलक्या बाहुल्यांचा खेळ गावात व्हावा अशी इच्छा असेल तर ज्यांनी ही कला जगविली त्यांना सन्मानाने बोलवावे, खर्चाला वर्गणी काढावी, पहिली पावती माझ्या नावे फाडावी, असे मी त्यांना सांगितले.

ससा आता भाचीकडे असतो. परीट कपड्यांवर खूण घालण्यासाठी बिब्बा वापरीत आणि ती खूण जन्मभर जात नसे, म्हणून बाहीच्या आत बिब्ब्याने लिहावे असे प्रथम मनात होते. पण बिब्बा उततो आणि ती बाही मुलीच्या हाताला लागणार. तेव्हा बहिणीने अस्तरावर काळ्या दोऱ्याने बारीक टाके घालून लिहिले आहे: असल बरहुकूम नक्कल रुजू असे. खाली मुक्काम यवतमाळ, आणि रुजवात घेणार म्हणून तिचे व तिच्या मुलीचे आद्याक्षर.